रिकामा रस्ता बघून दचकणारा माणूस

सर घराबाहेर पडताना नारिंगी जाकीट घालायचे. रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात तसलं, छातीवर चमकत्या पट्ट्या असलेलं. आत इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चामडी चपला, आणि वर हे. मी त्यांना पहिल्यांदा उज्जैनच्या टावर चौकात पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुठंतरी पाइपलाइन फुटलेली दिसतेय. पुढे ओळख झाल्यावर धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "पांढऱ्या शर्टातला म्हातारा दिसला की लोक हॉर्न मारतात. हे घातलं की ब्रेक मारतात. त्यांना वाटतं, पुढे खड्डा आहे."

आणि खरंच, फ्रीगंज बाजारातल्या ऐन संध्याकाळच्या गर्दीत सर हात वर करून रस्त्यात उतरले की दोन्हीकडच्या गाड्या थबकायच्या. त्यांच्या आडोशानं कितीतरी अनोळखी बायाबाप्ये रस्ता पार करून घ्यायचे. पलीकडे पोचल्यावर सर त्या सगळ्यांना नमस्कार करायचे, जणू आपणच त्यांना घरी बोलावलं होतं.

इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी जन्मभर वाहतुकीचा विषय शिकवला. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. मी कॉलेजात गेले तोवर ते निवृत्त झाले होते. ते आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून यायचे, कारण आम्ही रस्त्यांबद्दल लिहायचो त्या अहवालांवर कुणातरी अनुभवी माणसाची सही लागायची आणि उज्जैनमध्ये सरांइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता. कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाईसाब म्हणायचो, ते सरांना फार मानायचे. फक्त सरांनी सही करण्याआधी अहवाल वाचू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सर वाचायचे.

वाचायचे आणि 'ट्रॅफिक' हा शब्द दिसला की पेन्सिलीनं खोडायचे. पूर्ण अहवालच वाहतुकीवर असला तरी. "ट्रॅफिक काय ट्रॅफिक? कोण आहे त्याच्यात ते लिही ना, बेटा. दूधवाला आहे? नर्स आहे? महाकालला चाललेला यात्रेकरू आहे?" मी म्हटलं, सर, असं कसं लिहिणार, हजारो माणसं असतात. "असू दे. निदान लिहिताना तुझ्या डोक्यात एक तरी असायला पाहिजे."

ते बोलायचे आमची उज्जैनची मराठी, जी ऐकून पुण्याची माझी मावसबहीण अजूनही हसते. 'तू काय करून राहिलीस', 'मला मालूम आहे', 'माझ्या समजमध्ये नाही आलं' अशी. सरांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी नोकरीसाठी इकडे आलेले, माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळहून. पहिल्या भेटीत सरांनी हे सगळं खोदून खोदून विचारलं. आधी मला वाटलं, स्थळबिळ बघताहेत की काय. पण तसं काही नव्हतं. कोण कुठून निघून कुठं पोचलं, आणि का, हे ऐकल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही.

ई-रिक्षात बसले की शेजारच्या माणसाला विचारायचे, "कहाँ से? कहाँ तक? और क्यों?" तेही इतक्या सरळपणे की लोक सांगून टाकायचे. एकदा देवास गेटपासून आमच्या ऑफिसपर्यंतच्या वाटेत एका बाईंनी, आपण माहेरी चाललोय आणि आता परत येणार नाही, असं सांगितलं. सरांनी रिक्षा थांबवून त्यांना आधी पाणी आणून दिलं, मग आम्हाला घाई आहे हे विसरून त्यांच्या भावाचा फोन लागेपर्यंत तिथंच उभे राहिले. दुसऱ्या एकदा एक तरुण चिडून म्हणाला, "आपको क्या करना है?" सर म्हणाले, "मुझे ही तो करना है, भैया. और कोई पूछता है आपसे?" तो तरुण उतरताना म्हणाला, "इंटरव्यू है." सरांनी त्याला रिक्षातूनच ओरडून आशीर्वाद दिला.

आता सर मुलीकडे बडोद्याला असतात. फोन केला की 'हॅलो'च्या जागी अजून तेच तीन प्रश्न येतात.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांना घरात मीठ कुठं असतं हे चाळीस वर्षांत कळलं नाही, पण शहरातला प्रत्येक माणूस कुठं चाललाय ते पाहिजे." एका लग्नाची गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. नात्यातलंच लग्न होतं. जेवणाच्या मांडवात जिलबीपाशी ही गर्दी, ढकलाढकली, एका आजोबांच्या सदऱ्यावर रबडी सांडलेली. सर आहेर घेऊन उभे होते. आहेराचं पाकीट काकूंच्या हातात दिलं, बाह्या सरसावल्या, आणि सरळ जाऊन ताटल्यांचं टेबल उचलून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मग पाण्याची टाकी सरकवायला लावली. बघता बघता गर्दी विरली. आचारी त्यांना मुलीचा मामा समजून 'मामाजी, पूड़ी भी उधर करें?' विचारायला लागला. खरा मामा कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. "आम्ही न जेवता परत आलो," काकू सांगायच्या, "कारण तो मामा रुसला, आणि मग त्याची समजूत काढण्यात हे गुंतले."

अशा माणसाबरोबर मला माझं पहिलं मोठं काम मिळालं.

नानाखेड्याच्या पुढे, इंदूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नवी वसाहत उभी राहत होती. पहिला टप्पा झालेला होता. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत, भाड्याच्या एकेका खोलीत राहणारी कुटुंबं तिथं राहायला गेली होती. आता त्याच्याच शेजारी दुसरा टप्पा व्हायचा होता, पहिल्याच्या कितीतरी पट मोठा. त्याला मंजुरी मिळण्याआधी एक अहवाल लागणार होता: इतकी घरं इथं आली तर शहराच्या रस्त्यांवर काय परिणाम होईल? तो अहवाल आमच्या कंपनीनं द्यायचा होता. सिंहस्थाच्या तयारीत सगळीकडे रस्ते खोदलेले, योजना राबवणाऱ्या कार्यालयाला घाई, भाईसाबांना त्याहून घाई.

पद्धत सोपी होती. पहिल्या टप्प्यातल्या लोकांमुळे रस्त्यावर किती गर्दी वाढली ते बघायचं आणि त्यावरून दुसऱ्या टप्प्याचा अंदाज बांधायचा. थंडीच्या एका सकाळी आम्ही वसाहतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. माझ्याबरोबर मोजणी करणारी माणसं होती. कामावर जायची वेळ होती, पण फाटकातून फारसं कुणी बाहेर पडेना. एखादी मोटारसायकल, मग बराच वेळ काही नाही, मग सायकलवर एक गवंडी. मी खूश झाले. आकडे कमी म्हणजे परिणाम कमी. अहवाल लवकर होणार.

सरांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"बेटा, एवढी घरं आहेत आत. सकाळची वेळ आहे. आणि रस्ता असा रिकामा?"

"चांगलंच आहे ना, सर."

"चांगलं?" ते दचकून माझ्याकडे वळले. "एखाद्या घरात पोरंबाळं आहेत आणि आवाज येऊन नाही राहिला, तर तुझी आई काय करेल? म्हणेल, चला, छान शांतता आहे? आत धावत जाऊन बघेल ती."

आणि ते आत चालायला लागले. मोजणी तशीच सोडून मीही मागे धावले.

आत पक्की, रंगवलेली घरं. दारात नळ, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. पण कितीतरी दारांना कुलपं. जी उघडी होती, तिथं ओट्यांवर, जिन्यांवर माणसं बसलेली. सुट्टीच्या दिवशी बसतात तशी. कामाचा वार होता तो.

पहिल्याच इमारतीच्या जिन्यात एक बाई गहू निवडत बसल्या होत्या. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे 'कहाँ से, कहाँ तक' सुरू न करता विचारलं, "बहनजी, आज कहाँ जाना था, जो नहीं गईं?"

त्यांचं नाव रेखाबाई. त्यांनी सरांच्या जाकिटाकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, आणि सूप बाजूला ठेवलं.

देवास गेटपाशी एका मेसमध्ये त्या पोळ्या करायच्या. जुन्या खोलीपासून मेस हाकेच्या अंतरावर होती. इथून बस नाही. वसाहतीला एकच फाटक, तेही मोठ्या रस्त्यावर उघडणारं. रस्त्याच्या मधोमध उंच दुभाजक. शहराकडे जायचं तर आधी उलट्या दिशेला, दूरवरच्या वळणापर्यंत चालत जायचं, तिथून पलीकडे, आणि मग पुन्हा इकडे. ई-रिक्षावाले त्या फेऱ्यामुळे येतच नाहीत. मध्ये एकानं रोज सकाळी यायचं कबूल केलं होतं. त्याच्या भरवशावर पुन्हा काम धरलं, आणि एका सकाळी तो आला नाही, मग कधीच नाही. मेसमधली जागा गेली. रेखाबाईंचा नवरा गवंडीकाम करायचा, सायकलनं जायचा. मघाशी आम्ही मोजला तो तोच असावा.

"और बिटिया?" सरांनी विचारलं, कारण दाराआडून एक मुलगी ऐकत होती.

ती पूजा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. होती म्हणजे नाव होतं, जाणं बंद झालं होतं. भरधाव गाड्यांच्या कडेनं एकटीनं त्या वळणापर्यंत चालत जायला वडील नको म्हणाले.

"मकान तो पक्का मिल गया, साब," रेखाबाई म्हणाल्या, "पर लड़की भी घर में ही पक्की हो गई."

त्या घराबद्दल वाईट बोलत नव्हत्या. नळ दाखवला, खिडकी दाखवली, पावसाळ्यात एक थेंब गळला नाही हे अभिमानानं सांगितलं. पण होळीनंतर घराला कुलूप लावून परत देवास गेटकडे एखादी खोली भाड्यानं बघायची असं त्यांचं ठरलं होतं. कुलपं लावलेल्या घरांमागचं कारण आम्हाला तेव्हा कळलं.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत दारोदार फिरलो. सर सगळीकडे तोच प्रश्न विचारत होते. दवाखान्यात जायचं होतं, बहिणीकडे जायचं होतं, कचेरीत, बाजारात, मुलाच्या शाळेत जायचं होतं. कुणी गेलं नव्हतं. सर सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी "ठीक है, देखते हैं" म्हणायचे. त्यांच्या तोंडून हे शब्द मी याआधी कधी ऐकले नव्हते. ते सहसा कुणाला काही आश्वासन देत नसत.

पूजा आमच्या मागेमागे येत होती. वसाहतीच्या मागच्या टोकाला उंच भिंत होती. तिथं पोचल्यावर ती पहिल्यांदा बोलली, "सर, यहाँ से बस के हॉर्न सुनाई देते हैं."

सरांनी कान दिला. मग आजूबाजूला बघितलं, पाण्याचं एक रिकामं पिंप दिसलं, ते लोटत आणलं आणि मी नको नको म्हणत असताना त्यावर चढले. सत्तरीचा माणूस, नारिंगी जाकीट, भिंतीवरून मान काढून उभा. खाली गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, "दीवार टूट रही है क्या?"

"अभी नहीं," सर वरून म्हणाले.

भिंतीपलीकडे गावाची जुनी गाडीवाट होती. वापर नसल्यानं गवत माजलेली, पण सरळ. आणि तिच्या शेवटी, आंब्यांच्या मागे, नानाखेड्याच्या बसस्टँडचं पत्र्याचं छत. इतकं जवळ.

भाईसाबांशी वाद झाला तो ऑफिसात, दार लावून, पण आवाज बाहेर येत होता. भाईसाबांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आपल्याला रस्त्यावरच्या गर्दीबद्दल विचारलंय, गर्दी नाही, तसं लिहून द्या. बस नसणं, भिंत असणं हा आपला विषयच नाही. आपण नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कंपनीकडून लिहून घेतील. सर म्हणाले, "मीटिंग में मुझे बोलने दीजिए. उसके बाद मेरी सही आप रखिए, न रखिए." बाहेर येऊन त्यांनी माझ्या टेबलावरचे शेंगदाणे खाल्ले आणि मला म्हणाले, "तू घाबरून राहिलीस?" मी हो म्हटलं. "मी पण," म्हणाले.

बैठकीत कार्यालयातल्या सगळ्यात वरिष्ठ अधिकारी होत्या, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. भाईसाबांनी पडद्यावर तक्ते दाखवले आणि शेवटी सांगितलं की पहिल्या टप्प्यामुळे रस्त्यावर काही खास परिणाम झालेला नाही, दुसऱ्यामुळेही होणार नाही. मॅडमनी सरांकडे बघितलं. "प्रोफेसर साहब, आप सहमत हैं?"

"सहमत हूँ," सर म्हणाले. भाईसाबांनी सुस्कारा सोडला. "असर बिल्कुल नहीं पड़ा. लोग घर से निकल ही नहीं पाए, तो असर किस चीज़ का पड़ेगा?"

मग त्यांनी रेखाबाईंचं सांगितलं, पूजाचं सांगितलं, कुलपांचं सांगितलं. साध्या आवाजात, ई-रिक्षातल्या कुणाची तरी हकीकत सांगावी तसं. एक अधिकारी मध्येच म्हणाले, "नई जगह है, सर. धीरे-धीरे लोगों को आदत हो जाएगी."

"हो गई है, साहब," सर त्यांच्याकडे वळून म्हणाले. "वही तो डर है. लड़की को कॉलेज न जाने की आदत हो गई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तो आपको क्या चाहिए? फ्लाईओवर?"

"नहीं, मैडम. पीछे की दीवार में रास्ता. और एक बस, जो अंदर तक आए."

"बस?"

"जी. बस."

मॅडम हसल्या, पण ते सरांच्या लक्षातच आलं नाही. त्यांना कोट्या कळायच्या नाहीत. मॅडम म्हणाल्या की भिंत त्या स्वतः येऊन बघतील, आणि त्या आल्या. बुटांना धूळ लावून घेत पूर्ण गाडीवाट चालल्या. परत फिरताना त्यांनी पूजाला तिचा विषय कोणता ते विचारलं.

भिंत पडायला उन्हाळा उजाडला. सरकारी भिंत बांधायला लागतो त्याहून जास्त वेळ पाडायला लागतो. शिवाय वसाहतीतल्याच काही लोकांनी हरकत घेतली, मागून चोर येतील म्हणून. सर त्यांच्याकडे जाऊन बसले. "भैया, चोर बड़ी सड़क पार करके सामने से नहीं आ सकता क्या? उसके पास तो मोटरसाइकिल है. रास्ता तो आपके पास नहीं है." रेखाबाई होळीनंतर जाणार होत्या, त्या अजून गेल्या नव्हत्या. "देखें, दीवार टूटती है क्या," एवढंच म्हणाल्या होत्या. शेवटी भिंतीत ऐसपैस वाट झाली, गाडीवाटेवर मुरूम पडला आणि चाचणी म्हणून एक बस सुरू झाली. टावर चौक, नानाखेडा, वसाहत आणि परत.

मला वाटलं, जिंकलो आपण.

बस रिकामी येत होती आणि रिकामी जात होती.

पहिले काही दिवस मला राग आला. ज्यांच्यासाठी एवढं केलं ते ओट्यावर बसून बसकडे बघताहेत! मी रेखाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आज आई है, दीदी. कल आएगी, किसको मालूम?" बस चालवणाऱ्यांचा माणूस तर सरळ सांगून गेला की महिनाभर बघू, मग बंद. रिकामी गाडी कोण फिरवणार?

सर मात्र रागावले नाहीत. "एकदा फसलेली माणसं आहेत," ते म्हणाले. "दुधानं तोंड पोळलंय. बस आली म्हणून लगेच चढणार नाहीत. आधी बघतील, ही टिकते का."

"पण टिकण्यासाठी त्यांनी चढायला पाहिजे ना!"

"हो ना." सर विचारात पडले. "कुणीतरी आधी बसायला पाहिजे."

फ्रीगंजच्या बागेत रोज सकाळी निवृत्त मराठी मंडळी फिरायला जमायची. बँकेतले, पोस्टातले, शाळामास्तर, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका. फिरणं कमी आणि गुडघ्यांच्या गप्पा जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी त्या सगळ्यांना उठवून टावर चौकातून बसमध्ये बसवलं. काकूंना पण. "कुठं चाललोय?" असं सगळे विचारत होते आणि सर, जे जगाला हाच प्रश्न विचारत फिरायचे, ते म्हणाले, "बसा तर."

मग तो रोजचा क्रमच झाला. सकाळच्या बसनं ही मंडळी वसाहतीत उतरायची. कुणी डब्यातून पोहे आणायचं, कुणी शेव. भिंतीतल्या वाटेशी एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या पारावर नाश्ता, गप्पा, आणि पुढच्या फेरीनं परत. गार्डकाका बस सुटताना मागच्या दारात उभे राहून हात हलवायचे, जन्मभर गाड्यांना निरोप दिलेला तो हात आपोआप वर जायचा. कंडक्टर आधी हसायचा, मग त्यांच्या इशाऱ्याशिवाय घंटी देईनासा झाला.

मला मात्र एक काळजी होती. चाचणीच्या दिवसांत बसमध्ये किती लोक बसतात ते मलाच मोजायचं होतं. मी सरांना म्हटलं, "सर, हे सगळे मोजले तर आकडे खोटे होतील. वसाहतीतलं तर अजून कुणी चढतच नाही."

सर माझ्यावर एकदाच रागावले असतील, ते तेव्हा. "आम्हाला कोण मोजायला सांगतंय? एकालाही मोजायचं नाही! काकूलाही नाही. आम्ही सवारी आहोत का? आम्ही नुसते बसलोय, त्यांना दिसावं म्हणून की ही बस रोज येते." आणि मी कागदावर खरंच शून्य लिहीत राहिले, बसमध्ये निम्म्या जागा भरलेल्या दिसत असताना.

काकू पाराऐवजी रेखाबाईंच्या जिन्यात जाऊन बसायला लागल्या. दोघी मिळून गहू निवडायच्या. काकूंचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्या कुणाला काही समजावून सांगत नसत. बसबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. फक्त रोज ठरल्या वेळी उठायच्या आणि म्हणायच्या, "चलते हैं, बस आती होगी." आणि बस यायची.

एका सकाळी आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो होतो. पूजा पाठीवर पिशवी अडकवून जिना उतरताना दिसली. मागून रेखाबाईंचा आवाज, डबा राहिला, ओढणी नीट घे, पोचल्यावर फोन कर. सगळी मंडळी माना वळवून बघायला लागली. सर दबक्या आवाजात ओरडले, "मागे बघू नका! लाजेल पोरगी. समोर बघा, समोर!" मग सगळे म्हातारे शाळेतल्या मुलांसारखे ताठ मानेनं समोर बघत बसले. पूजा चढली. खिडकीशी बसली. गार्डकाकांनी हात हलवला, बस सुटली. मी कागदावर पहिल्यांदा एक लिहिलं. सर समोरच बघत होते, पण काकूंनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला.

त्यानंतर एकेक जण चढायला लागला. रेखाबाईंना मेसमधली जुनी जागा मिळाली नाही, पण नानाखेड्याच्या स्टँडजवळच एका उपाहारगृहात काम मिळालं, तिथं तर त्या मागच्या वाटेनं चालतही जाऊ शकत होत्या. कुलपं लावलेली काही घरं उघडली. अहवाल शेवटी सरांच्या सहीनंच गेला. दुसऱ्या टप्प्याच्या नकाशात चारी बाजूंना वाटा आल्या, मधून बसचा रस्ता आला, शाळेला आणि दुकानांना जागा आली. सरांनी मागितलेलं सगळं मिळालं नाही. मोठा रस्ता ओलांडायला पूल हवा होता, तो अजून कागदावरच आहे, आणि सर बडोद्याहून त्याची चौकशी करतात. भाईसाब मात्र आता नव्या गिऱ्हाइकांना हीच वसाहत दाखवायला घेऊन जातात आणि भिंत पाडायची कल्पना मुळात कंपनीची होती असं सांगतात. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सांगू दे ना. वाट तर झाली."

मला सर आठवतात ते पावसाळा संपतानाच्या एका सकाळी.

आता बसची चाचणी राहिली नव्हती, बस कायमची झाली होती, आणि त्याच आठवड्यात त्या मार्गावर आणखी एक गाडी सोडली होती. बागेतली मंडळी सवयीनं अजून येत होती. नाश्ता झाला, वेळ झाली, सगळे पारावरून उठले. बस आली आणि वसाहतीतून एवढी माणसं आली की आम्हाला दारापर्यंतही पोचता येईना. दप्तरं, डबे, एका बाईच्या कडेवर बाळ, दवाखान्याची पिशवी घेतलेले एक आजोबा, पूजा आणि तिच्या दोन मैत्रिणी. सर पुढे झाले, हात वर केला. कंडक्टरनं त्यांच्या जाकिटाकडे बघितलं, आत बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "बाबूजी, जगह नहीं है."

"नहीं है?" सरांनी विचारलं.

"बिल्कुल नहीं है."

"पाँव रखने को भी नहीं?"

"नहीं बाबूजी, सच्ची."

सरांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "जागा नाही!" ते आम्हाला सांगायला लागले, जणू आम्ही बहिरे होतो. "ऐकलं का? जागाच नाही!" बस आम्हाला तिथंच सोडून निघाली. खिडकीतून पूजानं हात हलवला, आणि सर मुरमाच्या त्या वाटेवर उभे राहून दोन्ही हात हलवत राहिले, बस आंब्यांच्या मागे दिसेनाशी होईपर्यंत.

काकूंना आता गुडघ्यांची काळजी होती. "अहो, ते सगळं ठीक आहे. पण आपण घरी जायचं कसं?"

सर पारावर येऊन बसले. जाकिटाची बटणं काढली, डब्यातली उरलेली शेव तळहातावर घेतली.

"पुढच्या बसनं," ते म्हणाले.